कागदाच्या मेंदूने ऐकलेली टकटक

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका. मला कुणाच्या कवटीतून काढलेले नाही की बरणीतल्या औषधी पाण्यात बुडवून ठेवलेले नाही. मी कागदाच्या लगद्याचा आहे. आकाराने खऱ्या मेंदूपेक्षा बराच मोठा, चांगल्या पोसलेल्या भोपळ्याएवढा. अंगावर लाल-निळ्या शिरा रंगवलेल्या, पोटात पितळी आकडे आणि खुंट्या, आणि डाव्या कडेला उंदराने कुरतडल्याची खूण. तिथून आतला कागद दिसतो. त्यावर जुन्या वर्तमानपत्रातली अर्धी ओळ अजून वाचता येते, 'उद्या आकाश निरभ्र राहण्याची'. पुढचे उंदराने खाल्ले.

आता तुम्ही म्हणाल, कागदाला कुठले आले मन? आणि मन नाही तर हा बोलतो कसा? तुमचा प्रश्न रास्त आहे. मलाही तो पडतो. 'तुझ्या डोक्यात काय रद्दी भरली आहे का?' असे लोक एकमेकांना रागाने विचारतात. माझ्या बाबतीत त्याचे उत्तर 'हो' असे आहे. तरीही मला आठवते, मला वाटते, आणि आज तर फारच कृतज्ञ वाटते आहे. हे वाटणे कुठून येते ते मला सांगता येणार नाही. या एकाच प्रश्नावर जन्मभर वाद घातलेल्या नवरा-बायकोच्या घरात मी राहतो. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी पुरी होत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक खोली आणि एक पडवी. तिथे एक साचेवाला शाळा-कॉलेजांसाठी डोळे, कान, हृदये आणि दाढा बनवत असे. रद्दी भिजत घालायची, कुटायची, तिच्यात सरस आणि खडूची पूड मिसळायची, आणि तो लगदा साच्यात बोटांनी दाबून बसवायचा. मग सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की तडा जातो. घाई केली की डोके तडकते, हे मी असा जन्मतःच शिकलो.

रंग द्यायचे काम साचेवाल्याच्या बायकोचे. हातात बारीक कुंचला, भिंतीवर टाचलेले पुस्तकातले चित्र, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझा डावा अर्धा भाग मांडीवर घेऊन ती आतल्या बाजूला रंग देत होती, तेव्हा मध्येच थांबली.

"अहो, ह्यात माणूस कुठं बसतो?"

"बसतो म्हणजे?"

"म्हणजे आपण. मी म्हणते ना 'मी', ती मी ह्यात कुठं असते?"

"तुला रंग द्यायला सांगितलाय. रंग दे." असे म्हणून साचेवाला सरस ढवळू लागला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "मी कानाकोपऱ्यात बोट फिरवलंय ह्याच्या. मला तरी तू कुठं सापडली नाहीस."

ती इतकी हसली की तिचा हात घसरला आणि ओल्या रंगावर अंगठा उमटला. ती पुसायला निघाली, तर तो म्हणाला, "राहू दे. आत कोण डोकावतंय!" त्याने त्यावरूनच चकचकीत रोगण फिरवले. तो ठसा आजही माझ्या आत आहे. कुणाच्या तरी हसण्यातून आपण घडलो, ही जाणीव मला फार पुरली आहे.

तिथून मी एका कॉलेजात गेलो. शरीररचना शिकवायला तिथे एक तरुण सर होते. हातात सतत खडू, कोपरापर्यंत पांढरी पूड, आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरायची सवय. मुले त्यांना मेंदूसर म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

दर वर्षीच्या पहिल्या तासाला मेंदूसर मला टेबलावर ठेवत आणि एकेक तुकडा सोडवत. "हा मागचा, हा बघतो. हा बाजूचा, हा ऐकतो. हा पट्टा हात हलवतो. आणि डावीकडचा हा तुकडा मागच्या बाकावरच्या बडबडीला जबाबदार आहे." सगळे तुकडे मांडून झाले की ते हात झटकत आणि विचारत, "आता सांगा, ह्यातला 'मी' म्हणणारा तुकडा कुठला?"

कुणी पुढचा तुकडा दाखवी, कुणी मधला. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, तो तुकडा तुम्ही घरी विसरला असाल." सर्वांत जास्त सरच हसले.

मग ते सांगत, "तुकडा नाही. ज्योत दिव्याच्या कुठल्या भागात असते? वातीत? तेलात? सगळं नीट जुळलं की ज्योत असते. विझली की ती कुठं जाते? कुठंही जात नाही. नुसती थांबते. तसाच हा 'मी'." हे ऐकताना मला थोडा धाक वाटे आणि थोडा अभिमानही. आपण एवढे महत्त्वाचे आहोत हे कुणाला ऐकायला आवडणार नाही?

खरी गंमत त्यानंतर, मला परत जोडताना. माझ्या पाठीमागे खालच्या अंगाला लहान मेंदू असतो, लिंबाच्या फोडीसारख्या रेघांचा. तो मधल्या दांड्यासारख्या देठाला एका पितळी आकड्यावर अडकवायचा. पण तो आकडा दोन मोठ्या अर्ध्या भागांच्या आत आहे. ते दोन भाग आधी मिटले की आकड्यापर्यंत बोट पोचत नाही. मग लहान मेंदू नुसता टेकवला जातो आणि धप्पकन पडतो. हे माहीत असूनही प्रत्येक मूल आधी मोठे भागच मिटवी, कारण मोठी गोष्ट समोर दिसली की हात तिकडेच जातो. तसे झाले की सर ओरडत नसत. वाकवलेल्या बोटाने टेबलावर दोनदा वाजवत, टक टक, आणि म्हणत, "आधी लहान, मग मोठे! घरी जेवायला वाढताना कसं, तसंच."

आणखी एक नियम त्यांनी पोरांच्या डोक्यात भिनवला होता. "काही झालेलं दिसलं तर लगेच नाचू नका. एकदा झालं तर योगायोग. पुन्हा करून बघा. उलटं करूनही बघा." हा नियम ध्यानात ठेवा, मित्रांनो. तो पुढे कामाला आला.

वर्षे गेली. सरांचे केस पांढरे झाले आणि माझे रंग पिवळट. मग एक दिवस खोक्यातून प्लॅस्टिकचा नवा मेंदू आला. चकाचक, हलका, तुकडे चुंबकाने आपोआप चिकटणारे. त्याला ना आधी लहान ना मग मोठे. माझी रवानगी फाटक्या तक्त्यांखाली एका कपाटात झाली. तिथेच उंदराची आणि माझी गाठ पडली. नाराज झालो नाही असे म्हणालो तर खोटे ठरेल. पण उंदराने मला जसे मनापासून चाखले तसे नंतर कॉलेजात कुणी विचारलेही नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी विचारले, "काय भेट देऊ?" सर म्हणाले, "तो कागदी मेंदू द्या." लोकांना वाटले म्हातारा थट्टा करतो आहे. सरांनी मला कापडी पिशवीत घातले आणि मांडीवर घेऊन बसने निघाले. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाने पिशवीत डोकावून विचारले, "फ्लॉवर झकास मिळाला हो! कुठून आणलात?"

"कॉलेजातून," सर म्हणाले.

घरी दार उघडले ते सरांच्या बायकोने. तिला सगळी गल्ली हॅलोबाई म्हणे. टेलिफोन एक्स्चेंजात उभी हयात गेलेली. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि हातात दोऱ्या. एकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात घालून तिने अर्ध्या जगाची गाठ अर्ध्या जगाशी घालून दिली होती. दारातच तिने कमरेवर हात ठेवले.

"अहो, एक डोकं सांभाळता सांभाळता माझा जीव मेटाकुटीला आला. आता दुसरं आणलंत?"

"हे डोकं खात नाही, बोलत नाही. तुला आवडेल."

मला फ्रिजवर जागा मिळाली. हॅलोबाई माझ्यावर चष्मा ठेवी, थंडीत लोकरीची टोपी वाळत घाली. मी कधी राग मानला नाही. मेंदूवर टोपी, यात वावगे काय?

आणि मग मी त्यांचा तो वाद ऐकू लागलो. सकाळच्या चहाबरोबर तो सुरू होई आणि कप विसळेपर्यंत चाले.

"लाइन गेली म्हणजे पलीकडचा माणूस गेला असं नसतं," हॅलोबाई म्हणे. "वादळात खांब पडला की गावंच्या गावं गप्प व्हायची. म्हणून तिथली माणसं काय नाहीशी झाली होती? तुमचा मेंदू म्हणजे माझा बोर्ड. बोलणारा वेगळाच असतो."

"मग ताप चढला की माणूस बरळतो का?"

"खरखर. लाइनवरची खरखर."

"बरं. पण तुझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला फोन असतो. मला तो पलीकडचा फोन दाखव, मी या क्षणी मानतो."

"तो दाखवता आला असता तर मी तुमचा चहा कशाला करत बसले असते? कॉलेजात तुमच्या जागी नसते उभी राहिले?"

दोघांपैकी कुणी हरले नाही. हरायचे त्यांच्या मनातही नव्हते. काही घरांत पत्ते खेळतात, इथे हे खेळत. फ्रिजवर बसून मी दोघांचेही ऐकत असे, आणि ज्याचे शेवटी ऐकले त्याचे मला पटत असे.

एक दिवस चहाचा कप सरांच्या हातातून पडला. कप उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. पक्षाघाताचा झटका होता. त्यांना दवाखान्यात नेले आणि फार दिवसांनी परत आणले. पण जे गेले होते ते सर आणि जे आले ते, यांत मला मेळ लावता येईना. उजवी बाजू लुळी. बोलणे बंद. नाकातून नळी. डोळे उघडे, पण छताकडे. कुणी आले काय, गेले काय, पापणीसुद्धा लवत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते, "वाट बघा. पण फार आशा ठेवू नका."

लोखंडी कठड्याची एक खाट भाड्याने आणून पुढच्या खोलीत लावली. हॅलोबाईने मला फ्रिजवरून उचलून त्या खोलीतल्या कपाटावर ठेवले. "ह्यांच्या ओळखीचं कुणीतरी समोर असू दे," ती म्हणाली.

एक्स्चेंजात तिची एक रीत होती. मुकी झालेली लाइन ती लगेच तोडत नसे. आधी विचारायची, "हॅलो, कोणी आहे का पलीकडे?" आणि मग दोरी हातात धरून थांबायची. बाकीच्या बायका हसत. पण कितीदा तरी त्या थांबण्यातून एखादा घाबरलेला आवाज उमटला होता. आता रोज सकाळी ती सरांच्या कानाशी वाकून तेच विचारू लागली.

"हॅलो, कोणी आहे का पलीकडे?"

आणि थांबायची. मीही थांबायचो. सरांचे डोळे छताकडेच.

मग ती गप्पा सुरू करी. दूधवाल्याने पाणी किती घातले, शेजारणीचा जावई किती चढेल आहे, लेकीचा फोन आला होता. अंग पुसताना, कूस बदलताना तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. आठवडे लोटले. तिचा आवाज बारीक होत गेला आणि ती स्वतःही.

एका दुपारी ती माझ्यावरची धूळ पुसत होती. पुसता पुसता माझ्याशीच बोलली. "मीच म्हणत होते ना, तार तुटली तरी माणूस असतो. असेल. पण मला तर खरखरसुद्धा ऐकू येत नाही रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, सरांची चादर नीट केली आणि स्वयंपाकघरात गेली. कानाशी वाकली नाही. हॅलो म्हणाली नाही. मित्रांनो, उंदराच्या दातांना मी भ्यालो नव्हतो, पण त्या सकाळी मी भ्यालो.

त्याच आठवड्यात त्यांची लेक आली. ती डॉक्टर, पण दातांची. दूरच्या शहरात तिचा दवाखाना. आईला पाहून ती हबकलीच. "आई, तू आरशात बघितलंस का स्वतःला?" दोन दिवस ती घरात वावरली, वडिलांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला, हाका मारल्या. मग तिने आईला समोर बसवले. तिच्या शहरात अशा रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह होते. नर्स होत्या, सगळी सोय होती. बाबांना तिथे ठेवायचे आणि आईने तिच्या घरी राहायचे. शुश्रूषागृह तिच्या घरापासून लांब होते, रोज जाता येणार नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

"ह्यांना कळेल ना गं, मी जवळ नाही ते?" हॅलोबाईने विचारले.

लेकीने कपाटावरून मला उचलले आणि खाटेच्या पायथ्याशी चादरीवर ठेवले. लहानपणी सुट्टीत ती वडिलांच्या प्रयोगशाळेत येत असे, तेव्हा कित्येकदा मला खेळणे समजून उघडले होते. तिची बोटे मला ओळखीची होती.

"हे बघ आई. हा डावा भाग. इथं रक्त पोचलं नाही. बोलणं इथलं. बोललेलं समजणं इथलं. तू इतके दिवस बोलतेस ते जिथं पोचायला हवं, ती जागाच गेली आहे." तिने तो भाग चादरीवर ठेवला. "बाबांनीच शिकवलंय ना हे? ज्योत कुठं जात नाही, नुसती थांबते. मला आवडतंय का हे सांगायला?"

तिचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी तिची गत झाली होती. हॅलोबाईने पदराने तोंड पुसले आणि मान हलवली. "ठीक आहे. येऊ दे गाडी."

लेक मला परत जोडू लागली. डोळे पाण्याने भरलेले, हात घाईत. तिने माझे दोन मोठे भाग मिटले आणि मग लहान मेंदू मागे टेकवला. तो पडला. तिने पुन्हा टेकवला. तो पुन्हा पडला आणि चादरीवरून घरंगळत गेला.

टक टक.

दोघींनी मान वर केली. आवाज खाटेच्या लोखंडी कठड्याचा होता. सरांचा डावा हात कठड्याला टेकलेला होता आणि एक बोट वाकलेले होते.

"अहो!" हॅलोबाई किंचाळली.

"थांब आई." लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हात नुसता हलला असेल. असे हलतात कधीकधी. एकदा झालं तर..."

वाक्य तिने पुरे केले नाही. ते कुणाचे आहे हे तिला बोलता बोलता आठवले असावे. तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि मला पुन्हा उघडले. या वेळी तिने लहान मेंदू आधी आकड्यात अडकवला आणि मग मोठे भाग मिटले. दोघी श्वास रोखून थांबल्या. कठडा गप्प.

तिने मला पुन्हा उघडले. मुद्दाम मोठे भाग आधी मिटले. लहान मेंदू टेकवला. तो पडला.

टक टक.

आणि या वेळी सरांच्या कपाळाला आठी होती. डोळे छताकडे नव्हते. ते माझ्याकडे होते. एवढे शिकवूनही हे पोर तीच चूक करते म्हणजे काय, असा तो चेहरा होता. तो मी वर्षानुवर्षे टेबलापलीकडून पाहिलेला होता.

"रागावले!" हॅलोबाई एकाच वेळी हसत आणि रडत होती. "रागावले गं, रागावले! हा राग ह्यांचाच आहे, मी ओळखते!"

लेक खाटेच्या कठड्यावर डोके टेकून हमसाहमशी रडली. "चुकलं बाबा. आधी लहान. आधी लहान, मग मोठे." सरांचा डावा हात हळूहळू सरकला आणि तिच्या केसांवर पडला. मुद्दाम ठेवला की नुसता पडला, ते तेव्हा कुणी पुन्हा करून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली, ती चालकाला चहा-पाणी करून रिकामी परत पाठवली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्याकडे पाहून कितीतरी मुले डॉक्टर झाली. पण माझे खरे काम त्या दुपारी झाले, आणि तेही चुकीचा जोडला गेल्यामुळे. माझ्याऐवजी तो चुंबकाचा मेंदू घरी असता तर? त्याचे तुकडे कसेही लावले तरी बसतात. मग सरांना रागवायला कारणच मिळाले नसते. साचेवाल्याने माझ्या आत तो अडचणीचा आकडा बसवला, त्याबद्दल मी त्याला आजही मनोमन हात जोडतो. हात नाहीत हे सोडून द्या.

त्या दिवसापासून हॅलोबाईचा हॅलो पुन्हा सुरू झाला. एका सकाळी तिने विचारले, "हॅलो, कोणी आहे का पलीकडे?" आणि खाटेवरून घोगरा आवाज आला, "हॅ... लो." तिच्या हातातली वाटी पडली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे नळी निघाली. मला सोडवणे आणि जोडणे हाच सरांचा व्यायाम झाला. डाव्या हाताने एकेक तुकडा उचलायचा, त्याचे नाव आठवायचे, नाही आठवले तर चिडायचे. शब्द एकेक करून परत आले, काही वाकडे होऊन, काही एकमेकांची जागा घेऊन. चष्म्याला ते बरेच दिवस 'खिडकी' म्हणत. हॅलोबाई निमूट चष्मा आणून देई.

बऱ्याच महिन्यांनी, चहा घेताना, तिने तो प्रश्न विचारलाच. "अहो, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

सरांनी कप खाली ठेवला. "तुझा... आवाज... येत होता. शब्द नाही. नुसता आवाज."

"आणि मी बोलायची थांबले त्या दिवशी?"

"त्या दिवशी..." सर कितीतरी वेळ शब्द शोधत राहिले. "शोधत होतो."

हॅलोबाईने पदर डोळ्यांना लावला. पण ती शेवटी हॅलोबाई. नाक ओढून तिने विचारले, "ते झालं. पण होतात कुठं? डोक्यात, की डोक्याबाहेर? आता तरी सांगा, कोण जिंकलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिले. मग खिडकीबाहेर पाहिले, खऱ्या खिडकीबाहेर. आणि म्हणाले, "माहीत... नाही."

"लग्नाला इतकी वर्षं झाली," हॅलोबाई म्हणाली, "हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला." आणि दोघे इतके हसले की चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा सुरू झाला, हे वेगळे सांगायला नको.

सर त्यानंतर आणखी काही वर्षे जगले. बरी वर्षे होती. मग एका पहाटे झोपेतच गेले. खाट केव्हाच परत गेली होती. मी कपाटावरच राहिलो.

हॅलोबाई आता खूप म्हातारी झाली आहे. ती मला रोज पुसते. आठवड्यातून एकदा मला टेबलावर घेते, सगळे तुकडे सोडवते आणि साचेवाल्याच्या बायकोच्या त्या ठशावर आपला अंगठा अलगद टेकवते. मग मला जोडताना ती मोठे भाग आधी मिटते. मुद्दाम. लहान मेंदू टेकवते, तो पडतो. आणि ती थांबते. दोरी हातात धरून थांबत असे, तशी. खोलीत घड्याळ चालू असते, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवते.

टकटक अजून एकदाही झालेली नाही. ती थोडा वेळ ऐकते, "बरं," म्हणते, आणि मला उघडून नीट जोडते. ती कधी रडवेली होत नाही. सरांचे बरोबर होते की तिचे, हे मी त्या वेळी चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करतो. मला तिथे फक्त एक बाई दिसते, जिला ऐकत थांबण्याची सवय आहे आणि जिचे त्या सवयीने एकदा सोने केले आहे.

मित्रांनो, मी रद्दीचा आहे, उद्याचे आकाश कसे राहील तेसुद्धा मला अर्धेच माहीत आहे. तेव्हा 'मी' कुठे असतो हे मला विचारू नका. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी कुणी म्हातारे, आजारी, मुके होऊन पडले असेल, तर त्यांच्याशी बोलायचे सोडू नका. उत्तर आले नाही तरी दूधवाल्याबद्दल, जावयाबद्दल, काहीही बोला. आणि कधी माझ्यासारखा एखादा जुना मेंदू हाती आला, तर तो हळू उघडा, परत लावताना आधी लहान लावा, मग मोठे. चुकलात, तर घाबरू नका. फक्त लगेच आवरून उठू नका. जरा थांबा, आणि कुठून टकटक येते का ते ऐका.